आठवी ग्रेड झाली, आता पुढे? मैफलीच्या पियानोवादकाची कारकीर्द

मंद्रसप्तक (बडोदा)

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात पियानो शिकवते. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांतल्या आठव्या, म्हणजे सर्वांत वरच्या ग्रेडचं प्रमाणपत्र हातात पडलं की आईवडील मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, "बाई, आता पुढे काय? याला कॉन्सर्ट पियानिस्ट होता येईल का?" क्लासच्या दारात उभ्याउभ्या देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. या क्षेत्रातल्या जाणकारांनी भर घालावी.

आधी आठव्या ग्रेडचं माप बघू. तीन-चार रचना, स्केल्स, समोर आलेलं नवं नोटेशन वाचत वाजवणं आणि कानाची परीक्षा. बहुतेक मुलं वर्षभर त्याच रचना घोटतात आणि चांगल्या गुणांनी पास होतात. मेहनतीचं काम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण मैफलीच्या वादकाला एका रिसायटलसाठी, म्हणजे एकट्याच्या मैफलीसाठी, सव्वा ते दीड तासाचं संगीत लागतं, आणि बहुधा ते पाठ असावं लागतं. शिवाय चार-सहा कॉन्सर्टो असे तयार हवेत, की थोड्या उजळणीनं ऑर्केस्ट्रासोबत उभं राहता येईल. पुढच्या हंगामात कार्यक्रम बदलतो. बेथोवनचे सोनाटेच (अनेक भागांच्या एकल रचना) ३२ आहेत, बाखच्या प्रील्यूड-फ्यूगच्या जोड्या ४८. मोझार्ट, शूबर्ट, शोपां, ब्राम्स, देब्युसी यांना तर अजून हातही लावला नाही.

माझ्या मते कारकीर्द ती हीच. किती मोठा साठा हातात जिवंत ठेवलात आणि किती वर्षं ठेवलात.

पोर्तुगीज पियानोवादक मारिया जुआंव पिरेश यांचा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगते. ॲमस्टरडॅमला दुपारची खुली तालीम होती, समोर श्रोते बसलेले, ऑर्केस्ट्राचे संचालक रिकार्दो शाई. ऑर्केस्ट्रानं सुरुवात केली आणि बाईंच्या लक्षात आलं, की त्या मोझार्टचा वेगळाच कॉन्सर्टो तयार करून आल्या आहेत. हे तर विसावं, डी मायनरमधलं. पियानोचा प्रवेश व्हायला दोन मिनिटांच्या वर ऑर्केस्ट्राचं वादन असतं, तेवढाच काय तो अवधी. कपाळाला हात लावलेल्या बाई त्या चित्रफितीत स्पष्ट दिसतात. शाई त्यांना म्हणतात, तुम्हाला हे येतं, तुम्ही हे वाजवलेलं आहे. आणि त्या वाजवतात, अगदी सुरेख. लोक याला चमत्कार म्हणतात. मला त्यात दिसतो तो आयुष्यभर सांभाळलेला साठा.

आता स्पर्धांबद्दल. पालकांच्या डोक्यात स्पर्धा फार असतात. १९५८ मध्ये मॉस्कोच्या पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेत २३ वर्षांचे व्हॅन क्लायबर्न पहिले आले. ऐन शीतयुद्धात अमेरिकन मुलगा मॉस्कोत जिंकला, म्हणून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्यांची मिरवणूक निघाली. पण त्यानंतर आयोजकांना त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा तोच चायकोव्हस्कीचा कॉन्सर्टो हवा असायचा. १९७८ मध्ये त्यांनी मैफली थांबवल्या आणि पुढे कितीतरी वर्षं ते व्यासपीठापासून दूर राहिले. दुसरीकडे आल्फ्रेड ब्रेंडेल. बालवयात चमकले नाहीत, सोळाव्या वर्षानंतर नियमित गुरू नाही, १९४९ च्या बुसोनी स्पर्धेत चौथे आले. त्यांची अखेरची मैफल व्हिएन्नात १८ डिसेंबर २००८ रोजी झाली. साठ वर्षं! शूबर्टचे सोनाटे आज जगभर मानानं वाजतात, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. मुलांनी कोणाकडे बघावं असं मला विचाराल तर ब्रेंडेल यांच्याकडे.

शिकताना नेमकं काय अवघड असतं, त्याचा एक नमुना देते. शूबर्टचा जी फ्लॅट मेजरमधला इम्प्रॉम्प्टू ही छोटी रचना घ्या. उजव्या हाताची करंगळी वरची सुरावट गाते, आणि त्याच हाताची बाकीची बोटं तिच्याखाली सतत झुळझुळत राहतात. म्हणजे पाचांतल्या सर्वांत दुबळ्या बोटानं सर्वांत भरदार वाजायचं आणि दणकट अंगठ्यानं जेमतेम पट्टी दाबायची. मी विद्यार्थ्याला आधी पियानोचं झाकण बंद करून त्यावर बोटं ठेवायला लावते. हाताचं वजन करंगळीच्या बाजूला कलतं ठेवून मनगट मोकळं सोडायचं. मग फक्त करंगळीचा सूर पट्टीवर, बाकीची बोटं आवाज न करता पट्टीला नुसती टेकलेली. मग सगळं एकत्र, अगदी सावकाश. काही मुलांना हे आठवड्यात उमगतं, काहींना वर्ष लागतं. परीक्षेत याला वेगळे गुण नसतात. पण श्रोता पैसे मोजून येतो तो यासाठीच.

शेवटचा मुद्दा एकटेपणाचा. आपल्या गायकामागे तानपुरा असतो, बाजूला तबला आणि पेटी असते. पियानोवादक दीड तास एकटा असतो, आणि तोही परक्या वाद्यावर. व्हायोलिनवाला आपलं वाद्य पाठीला लावून फिरतो. नऊ फुटी ग्रँड पियानोचं वजन जवळजवळ पाचशे किलो. जे सभागृहात असेल त्याच्याशी दुपारच्या दोन-तीन तासांत जुळवून घ्यायचं. थोर सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांनी १९८६ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, मोटारीनं सायबेरियाचा प्रवास करत आडगावांत मैफली केल्या. मुलांना हे ऐकवते तेव्हा त्यांना तो छळ वाटतो की मोह पडतो, ते चेहऱ्यावर लगेच कळतं. मोह पडणारी मुलं मी लक्षात ठेवते.

तुमचे अनुभव आणि प्रश्न लिहा.

---

दांडियाबाजार

बाई, लेख मनापासून आवडला. मी बापाच्या भूमिकेतून थेट विचारतो. माझी मुलगी चौदाची आहे, सातवी ग्रेड झाली. रोज तीन तास बसते, सांगावं लागत नाही. घरात सगळे इंजिनियर. आमच्या आईचं म्हणणं, "वाजवू दे की, पण पोटापाण्याचं काय?" तर पोटापाण्याचंच सांगा. कारकीर्द कारकीर्द म्हणतो, त्यात पैसा कुठून येतो?

---

मंद्रसप्तक

दांडियाबाजार, तुमच्या आईंचा प्रश्न रास्त आहे आणि मुलीसमोरच बोलण्यासारखा आहे.

एकल वादक पगारी नोकर नसतो. दर मैफलीचं मानधन ठरतं. मोठ्या संस्था दोन-दोन वर्षं आधी तारखा ठरवतात, आजारी पडलात तर त्या दिवसाचे पैसे गेले. मध्ये एजंट असेल तर त्याचं कमिशन. प्रवास, मुक्काम, सरावासाठी भाड्याची खोली हे पुष्कळदा त्याच मानधनातून जातं. जगभरात निव्वळ एकल मैफलींवर चांगलं जगणारे वादक थोडे आहेत. भारतात राहून तसं जगणं आज जवळजवळ अशक्य आहे, हे मी कोणत्याही पालकापासून लपवत नाही.

बाकीचे पियानोवादक काय करतात? शिकवतात, गायकांना आणि व्हायोलिनवादकांना साथ करतात, चेंबर संगीत, म्हणजे दोन-चार वादकांचं एकत्र संगीत, वाजवतात, ऑपेरात तालमी घेतात, स्टुडिओत ध्वनिमुद्रणं करतात. आणि ही दुय्यम कामं नाहीत. पियानोवादक क्लारा शुमान यांचंच बघा. १८२८ मध्ये लाइपझिगला नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा व्यासपीठावर बसल्या आणि अखेरची मैफल १८९१ मध्ये. नवरा, संगीतकार रोबर्ट शुमान, १८५६ मध्ये गेला तेव्हा सात मुलं पदरात होती. दौरे करून त्यांनी घर चालवलं आणि १८७८ पासून फ्रँकफर्टला शिकवलंही. त्यांच्या मैफलींच्या १,३०० हून अधिक कार्यक्रमपत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. मुलीच्या आजीला हे जरूर सांगा.

---

खयालिया

लेख चांगला आहे, पण मला एक गोष्ट टोचते. ज्या बडोद्यात फैयाज खाँसाहेब गायले, त्या गावातल्या मुलांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं अशा वाद्याला का द्यावीत ज्यात मींडच, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणंच, निघत नाही? पट्टी दाबली की सूर जिथे आहे तिथेच. दरबारीचा आंदोलित गंधार पियानोवर वाजवून दाखवा. पेटीवर आकाशवाणीनं १९४० पासून कितीतरी वर्षं बंदी घातली होती ती याच कारणासाठी. पियानो म्हणजे पेटीचीच श्रीमंत बहीण.

---

जुनाबडोदेकर

खयालिया, फैयाज खाँसाहेबांबद्दल तुमच्याइतकीच भक्ती मलाही आहे. पण बडोद्याचा इतिहास तुमच्या बाजूनं साक्ष देत नाही.

सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये दरबारातले गवई मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली. सूरसागराशेजारी आजही जिथे तबला आणि कथक शिकवतात, ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी म्हणजे त्याच शाळेचा वारसा. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि क्रमिक पुस्तकं काढली. संगीत घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणून वर्गात शिकवायचं, हा त्या काळी धाडसी विचार होता. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ लंडनच्या रॉयल अकॅडमीत पाश्चात्त्य संगीत शिकून आले. नातू इनायत खाँ, जन्म १८८२, इथेच बडोद्यात. ते १९१० मध्ये वीणा घेऊन पश्चिमेला गेले आणि सूफी गुरू म्हणून जगभर ओळखले गेले. दरबारात आपले गवई होते, तसा पाश्चात्त्य पद्धतीचा बँडही होता. अखिल भारतीय संगीत परिषद पहिल्यांदा भरली तीही इथेच, १९१६ मध्ये, भातखंड्यांच्या पुढाकारानं.

म्हणजे याच गावात एका घरातला एक जण लंडनला पाश्चात्त्य संगीत शिकायला गेला आणि दुसरा आपलं संगीत घेऊन तिकडे गेला. आज दांडिया बाजारातली मुलगी बाख वाजवते तर ती बडोद्याच्या रीतीतच आहे.

---

मंद्रसप्तक

काका, फार सुंदर लिहिलंत. विद्यार्थ्यांना घेऊन फॅकल्टीत जायचं बरेच दिवस मनात आहे, आता नक्की जाऊ.

खयालिया, मींड निघत नाही हे खरं. पियानोवर दरबारी वाजवावा असं माझं म्हणणंच नाही. पियानोचं बळ दुसऱ्या जागी आहे. बाखच्या फ्यूगमध्ये दोन हातांत तीन-चार आवाज, म्हणजे स्वतंत्र सुरावटी, एकाच वेळी चालतात. एक विषय मांडतो, दुसरा तोच विषय पाच सूर वर उचलतो, पहिला त्याच्याविरुद्ध वेगळं काही म्हणतो, आणि तेवढ्यात तिसरा खालून येतो. ते सगळे वेगवेगळे ऐकू येतील असं वाजवणं ही या वाद्याची विद्या आहे. आपल्याकडे एका स्वराच्या आत जेवढं खोल जातात, तेवढं इथे स्वरांच्या परस्परसंबंधात जातात. मी लहानपणी गाणं शिकले. सुरावट कुठे श्वास घेते हे मला गाण्यानं शिकवलं आणि त्याचा पियानोला रोज उपयोग होतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी रचना आधी गायला लावते. जो गाऊ शकत नाही तो वाजवताना नुसता टाइप करतो.

---

खयालिया

गायला लावता हे वाचून बरं वाटलं. फ्यूग मी लक्ष देऊन कधी ऐकलेली नाही. एखादी सुचवा, ऐकतो.

---

मंद्रसप्तक

बाखच्या त्या ४८ जोड्यांचा संग्रह म्हणजे वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर. त्यातला पहिला भाग, सी मायनर. फ्यूग जेमतेम दीड-दोन मिनिटांची आहे. पहिल्यांदा फक्त विषय कितीदा येतो ते ऐका. दुसऱ्यांदा फक्त खालचा आवाज धरा.

---

तारजुळणी

मी पियानो ट्यूनिंगचं काम करतो. गुजरातेत बरीच फिरती असते, बडोद्यातली अनेक घरं माहितीची आहेत. लेखात परक्या वाद्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मुलांची कारकीर्द घरातल्या वाद्यापासून सुरू होते आणि तिथेच आपल्याकडे हेळसांड होते.

पियानोत साधारण २३० तारा असतात. सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. हा ताण पेलते बिडाची चौकट, आणि आवाज वाढवते ती मागची लाकडी फळी, साउंडबोर्ड. लाकूड हवेतलं पाणी पितं. जुलै-ऑगस्टमध्ये फळी फुगते, सूर चढतात, मधल्या सप्तकात जास्त. पट्ट्यांच्या खाचेतलं कापड फुगलं की पट्टी दाबल्यावर वर येत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत उलट होतं, फळी आकसते आणि सूर उतरतात. हे वर्षातून दोनदा सांभाळता येतं. वाद्याची खरी वाट लागते ती एसीनं. रात्री एसी, दिवसभर बंद, दारं उघडी. रोजच्या रोज फळीला झटके. सूर टिकवून धरणाऱ्या खुंट्याही लाकडातच ठोकलेल्या असतात, कालांतरानं त्या सैल पडतात. मग कितीही जुळवा, आठवड्यात उतरतंच.

माझं सांगणं एवढंच. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खिडकीखाली नको, एसीच्या झोतात तर नकोच. खोलीतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं ते लावा, काटा पन्नासच्या आसपास राहील असं बघा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा ट्यूनिंग. वर्षानुवर्षं न जुळवलेला पियानो एका दिवसात मूळ सुरावर ओढू नये, तारा तुटतात. दोन-तीन वेळांत आणावा.

आणखी एक. हातोडीच्या टोकावरचा लोकरी नमदा वाजवून वाजवून दबतो, त्यावर तारेचे चरे पडतात आणि आवाज पत्र्यासारखा होतो. मूल हळू वाजवतं तरी आवाज कर्कशच येतो आणि बिचाऱ्याला वाटतं हात वाईट आहे. नमद्यात सुया टोचून तो मोकळा करता येतो. मी मुलालाच शेजारी बसवतो, तीच पट्टी आधी आणि नंतर वाजवायला लावतो. त्यानंतर ती मुलं पट्टीवर हात निराळा ठेवतात.

---

दांडियाबाजार

आमचा पियानो एसीच्या बरोबर खाली आहे. उद्याच हलवतो. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, दादा.

---

हिवाळीदेश

मूळची बडोद्याची, रावपुऱ्यातली. सध्या उत्तर जर्मनीत एका ऑपेरा हाऊसमध्ये साथसंगतीची पियानोवादक आहे. ताईंनी वर लिहिलेल्या 'बाकीच्या कामां'वर मी जगते, म्हणून थोडं सविस्तर.

माझ्या कामाला इथे कोरेपेटिटर म्हणतात. गायकांना भूमिका बसवून देणं, तालमीत अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या जागी एकट्या पियानोवर वाजवणं, संचालकाच्या हाताकडे एक डोळा ठेवणं. महिन्याचा पगार, आरोग्यविमा, सुट्ट्या. रिख्टर तरुणपणी ओडेसाच्या ऑपेरात हेच काम करत होते, हे इथे आल्यावर कळलं तेव्हा मला माझ्या खुर्चीचा अभिमान वाटला. समोर आलेलं वाचून वाजवणं ज्याला जमतं त्याला काम मिळतं. आपल्याकडच्या मुलांची पाठांतरं उत्तम असतात, पण वाचन कच्चं. ताई, यावर सगळ्या शिक्षकांनी भर द्यावा असं कळकळीनं सांगते.

शिक्षणाबद्दल. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत प्रवेश मिळतो तो वादनाच्या परीक्षेवर, ग्रेडच्या प्रमाणपत्रावर नाही. वेगवेगळ्या कालखंडांतल्या रचना पाठ वाजवायच्या. बहुतेक ठिकाणी बाखचं काही, एक अभिजात सोनाटा, एखादा एत्यूद (तंत्राचा कस लावणारी रचना) आणि एक मोठी रोमँटिक किंवा आधुनिक रचना. शिवाय संगीतशास्त्र आणि कानाची परीक्षा. परीक्षक सगळं ऐकत नाहीत, मध्येच थांबवतात. त्यानं खचू नये, सगळ्यांना थांबवतात.

पैशाचं. बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, सत्राची किरकोळ वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचा खर्च बँकेत अडकवून दाखवावा लागतो, २०२४ च्या शरदापासून तो ११,९०४ युरो होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाचं कर्टिस १९२८ पासून कोणाकडूनच शिक्षणशुल्क घेत नाही, पण तिथे घेतात मूठभर.

दांडियाबाजार दादा, मुलगी चौदाची आहे म्हणजे चार वर्षं हातात आहेत. जर्मन भाषा आत्ताच सुरू करा. ज्या प्राध्यापकाकडे शिकायचं त्याला आधी एकदा तरी वाजवून दाखवता आलं पाहिजे. उन्हाळी वर्ग असतात, तिथे भेट होते. इथे विद्यापीठापेक्षा गुरू निवडतात. घराण्याच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या लोकांना हे लगेच पटतं.

---

मंद्रसप्तक

रावपुऱ्याची मुलगी ऑपेरात! फार फार आनंद झाला. वाचनाचं म्हणालात ते शंभर टक्के. मी दर तासाची पहिली दहा मिनिटं कधीही न पाहिलेलं पान समोर ठेवते. चूक झाली तरी थांबायचं नाही, ताल सोडायचा नाही.

---

मनगट

फिजिओथेरपिस्ट आहे. दोन ओळी लिहिणार होते, थोडं वाढलं.

रोज तीन तास बसणाऱ्या मुलीबद्दल वाचलं. तीन तास सलग नकोत. अर्ध्या-पाऊण तासानं उठावं, खांदे सोडावेत, पाणी प्यावं. दुखत असताना वाजवत राहणं हा पराक्रम नाही. रोबर्ट शुमान यांचा उजवा हात तरुणपणीच निकामी होत गेला आणि वादक व्हायचं राहून गेलं. लिओन फ्लायशर १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकले, आणि १९६४ च्या सुमारास उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली. ऐन पस्तिशीत. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. बिघाड मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांमध्ये असतो, म्हणून नुसत्या मालिशनं बरा होत नाही. तीसेक वर्षं ते डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत, शिकवत, संचालन करत राहिले. पुढे बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी दोन्ही हातांनी वाजवता येऊ लागलं. त्यांच्या कामी आलेला रावेलचा डाव्या हाताचा कॉन्सर्टो मुळात पॉल विट्गेनश्टाइन यांच्यासाठी लिहिलेला, ज्यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता.

मुलाचं मनगट सकाळी आखडत असेल, करंगळीला मुंग्या येत असतील, तर परीक्षा पुढे ढकला आणि आधी दाखवा.

---

दांडियाबाजार

मुलीनं हा सगळा धागा वाचला. फ्लायशर यांचं वाचून तिनं स्वतःहून मोबाइलवर पाऊण तासाचा गजर लावला. जर्मनचा वर्ग अलकापुरीत मिळतोय. आई म्हणतात, "क्लाराबाईंची गोष्ट पुन्हा सांग."

---

बारावीसायन्स

मी सोळा वर्षांचा आहे. अकराव्या वर्षी कीबोर्डवर सुरुवात केली, खरा पियानो गेल्या वर्षीपासून. घरी पियानो नाही, ओळखीच्यांकडे जाऊन वाजवतो. परीक्षा दिलेली नाही. शोपांचे नॉक्टर्न वाजवतो. वरची चर्चा वाचून वाटतंय की उशीर झाला. खरं सांगा.

---

मंद्रसप्तक

बाळा, खरंच सांगते.

स्पर्धा जिंकून विशीत जगभर फिरणारा वादक होण्यासाठी उशीर झाला आहे. त्या मुलांच्या हातात सोळाव्या वर्षी शोपांचे सगळे एत्यूद असतात. ग्रिगोरी सोकोलोव्ह सोळाव्या वर्षी चायकोव्हस्की स्पर्धा जिंकले होते. हे तुला कुणी गोड बोलून लपवलं तर पुढे तुझाच तोटा.

पण वादक होण्यासाठी उशीर झालेला नाही. रिख्टर मॉस्कोला नॉयहाउस या नामवंत गुरूंकडे शिकायला गेले ते २२ व्या वर्षी, तोवर बरंचसं आपलं आपणच शिकलेले. त्यांची देणगी असामान्य होती, तेव्हा ते उदाहरण बेतानं घे. चिनी पियानोवादक झू श्याओमेई यांचं जास्त जवळचं आहे. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांची उमेदीची वर्षं श्रमछावणीत गेली. तिथे गुपचूप एक पियानो मागवून त्या गोठवणाऱ्या खोलीत बाख वाजवायच्या. देश सोडला तिशीत, नाव झालं चाळिशीनंतर पॅरिसमध्ये. आणि व्हिएतनामचे डांग थाय सॉन. युद्धात हनोईची संगीतशाळा खेड्यात हलवली होती, तिथे आईकडे शिकले. १९८० मध्ये वॉर्साची शोपां स्पर्धा जिंकणारे पहिले आशियाई तेच. २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ त्यांचाच शिष्य. घरी वाद्य नसणं ही अडचण आहे, पण तेवढ्यावरून कुणाचं भविष्य ठरत नाही.

तुझ्यासाठी काम असं. नॉक्टर्न बाजूला ठेव, त्यांत पेडलखाली पुष्कळ काही लपतं. बाखची दोन आवाजांची इन्व्हेन्शन्स घे, सी मेजरपासून, पेडलला पाय न लावता. हायडनचा एक सोनाटा. रोज एक पान नवीन वाचन. बारावी नीट दे. वर्षभरानं आपण ऐकू, आणि साथसंगत, शिकवणं, ध्वनिमुद्रण यांतलं कुठलं दार तुझं आहे ते बघू. बडोद्यातच असशील तर रविवारी सकाळी क्लासची खोली रिकामी असते, पियानो बऱ्या स्थितीत आहे. आईबाबांपैकी कुणाला तरी घेऊन ये, त्यांच्याशीही बोलायचं आहे. फी चा विषय काढायचा नाही.

---

तारजुळणी

बारावीसायन्स, एका घरी जुना अपराइट पडून आहे. खुंट्या घट्ट आहेत, नमदे दबलेले, तीन तारा तुटलेल्या. मालकांना जागा मोकळी करून हवी आहे आणि चांगल्या हाती जावा एवढीच त्यांची अट आहे. तारा मी घालून देतो. तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे आणि जिना किती रुंद आहे ते घरच्यांना मोजायला सांगा आणि मला कळवा.

---

बारावीसायन्स

तळमजला. दाराचं माप संध्याकाळी बाबा आले की घेतो. बाई, रविवारी आईला घेऊन येतो.

---

खयालिया

सी मायनर फ्यूग बऱ्याचदा ऐकली. खालचा आवाज शेवटाकडे विषय घेऊन येतो तिथे अंगावर काटा आला. बाई, आता पुढची कुठली?

---

मंद्रसप्तक

त्याच भागातली सी शार्प मायनर. पाच आवाज आहेत आणि विषय सुरुवातीला फक्त चार-पाच सुरांचा आहे. सावकाश गतीचं वादन शोधा आणि दिवे मालवून ऐका.